वाळवणाचा फोन

लग्न होऊन मी बेलझरीला आले, त्या पहिल्याच उन्हाळ्यात एका परक्या माणसानं मला फोनवर झापलं. सासूबाई न्हाणीत होत्या, त्यांचा मोबाईल खिडकीत वाजत होता, म्हणून मी उचलला.

"थर्मलमधून बोलतो. सरगुंडे उचला."

"कोण पाहिजे आपल्याला?"

"कोणी नाही पाहिजे बाई! राख येऊन राहिली. उचला म्हणतो ना!"

आणि फोन बंद. मला हसूच आलं. भरदुपारी बायकांना फोन करून टवाळी करणारे रिकामटेकडे कुठे नसतात? मी न्हाणीच्या दाराशी जाऊन म्हटलं, "आई, कोणी तरी येडा सरगुंडे उचला म्हणून राहिला." आत बादली पडल्याचा आवाज झाला. सासूबाई ओल्या केसांनी, पदर कसाबसा खोचत बाहेर आल्या आणि जिन्याकडे धावल्या. वर पोचून त्यांनी जी हाक मारली, ती अख्ख्या गल्लीनं ऐकली. "उचलाऽऽ वं! थर्मलचा फोन आला!"

मी मागोमाग छतावर गेले तर प्रत्येक छतावर एकेक बाई उभी. जुन्या साड्या, चादरी, ताडपत्र्या चारी कोपऱ्यांनी गुंडाळल्या जात होत्या. पापड, कुरड्या, मुंगवड्या, काडीवर वळलेले गव्हाचे सरगुंडे, सगळं म्हणता म्हणता घरात गेलं. आणि मग ती आली. पीठ चाळल्यासारखी, अजिबात आवाज न करता. मी कठड्यावरून बोट फिरवलं तर बोट करडं झालं.

"कोण होते ते?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? गजभिये भाऊ!" सासूबाई केस झटकत म्हणाल्या. "देवमाणूस आहे वं."

हे देवमाणूस प्रकरण गजभिये काकांना मुळीच मानवत नसे. त्यांच्या तोंडावर कोणी म्हटलं की ते लगेच हात जोडत, "वहिनी, देव नोको बनवू मले. माणूस आहो, माणूसच राहू द्या."

नागपूरहून निघालेली सिटी बस जिथे वळून परत जाते, ते आमचं बेलझरी. तिथल्या वीज केंद्राला कुणी वीज केंद्र म्हणत नाही. थर्मल. सावनेरकडच्या खाणींतून कोळसा येतो, थर्मलमध्ये जळतो, वीज नागपूरला जाते आणि पुढे कुठे कुठे जाते, आणि राख आमच्याकडे राहते. तशी ती चिमणीतून बाहेर पडू नये म्हणून सोय आहे. चिमणीच्या अलीकडे घराएवढ्या पेट्या आहेत, त्यांच्यात विजेवर चालणारे कप्पे आहेत, ते धुरातली राख ओढून घेतात. सगळे कप्पे चालू असले तर चिमणी सभ्य बाईसारखी उभी असते. एखादा बंद पडला की तिचा रंग बदलतो. गजभिये काका कंट्रोल रूममध्ये या कप्प्यांसमोर बसायचे. कप्पा बंद पडला की दिवा लागायचा, दिवा लागला की काका आधी वरिष्ठांना कळवायचे, मग खिडकीतून वारा पाहायचे, आणि वारा आमच्या बाजूचा असला तर खिशातून मोबाईल काढायचे. राख उडून छतावर बसेपर्यंत जो वेळ मिळायचा, त्यात आमच्या वर्षभराच्या पापडांचं नशीब ठरायचं.

फोन ते फक्त आमच्या घरी करत. एक तर घर कोपऱ्यावरचं, आणि दुसरं म्हणजे सासूबाईंचा गळा. पण गंमत ही, की काकांचं स्वतःचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं आणि तिथे त्यांनी कधी फोन केला नाही. काकू यावरून कायम पेटलेल्या असत. "जगाले फोन, बायकोले नाही! मले काय, लोकाईची बोंब ऐकूनच पळा लागते." काका शांतपणे म्हणायचे, "घरच्याले आधी सांगितलं तर तो वशिला होते." आता पापडात कसला आलाय वशिला? पण माणूस असा होता. रांगेत उभं राहायचं तर स्वतःच्या बायकोलाही रांगेतच उभं करणारा.

थर्मलमध्ये नोकरी करून रोज पांढराशुभ्र शर्ट घालणारा माणूसही मी दुसरा पाहिला नाही. बाकीचे सगळे काळे, निळे, मातकट रंग शोधून घालायचे. काकू धुऊन धुऊन वैतागायच्या. "माह्ये हात झिजले, पण याईले पांढराच पाहिजे. नवरदेव आहे ना!" यावर काकांचं उत्तर ठरलेलं असे. "काळ्या शर्टावर राख दिसत नाही. मंग माणसाले वाटाले लागते, राखच नाही." ड्युटीवरून आले की ओट्यावर उभे राहून आधी कॉलर बघायचे, मग बाह्या. बघून झालं की आत जायचे. त्यांच्या पाठीवरून गल्लीला कळे, आज थर्मलमध्ये काय झालं असेल ते.

त्यांचे वडील छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतलेले. काका दर पौर्णिमेला विहारात पुढे बसून पंचशील म्हणायचे, आवाज असा खणखणीत की बाहेर चपला सांभाळत बसलेली माणसंही ओठ हलवू लागत. पण त्याचा दिमाख म्हणून नव्हता. उपदेश तर त्यांनी कुणाला केलाच नाही. लोक त्यांच्यासमोर मुद्दाम दिवे मालवायचे, पंखा बंद करायचे, जणू काही मास्तर आले. काकांना हसू यायचं. "चालू राहू दे ना गा! मी बी कूलर लावतो. घामानं मरू काय? फक्त येवढं ध्यानात ठेवा, बटन इथं दाबलं का धूर कुठंतरी निघते."

बस, एवढंच तत्त्वज्ञान.

वाळवणाचा हंगाम संपला की आणखी एक विधी असे. प्रत्येक घरातला पहिला तळलेला पापड काकांकडे जाई. ही रीत कुणी पाडली ठाऊक नाही. काका डोळे मिटून एक घास चावत. बाई समोर उभी, हातात ताटली, निकाल लागायच्या आधी पोरं उभी राहतात तशी. काका चावत राहत, चावत राहत आणि मग म्हणत, "नाही." म्हणजे दाताखाली कचकच नाही. मग ती बाई हसायची, काका हसायचे, उरलेला पापड काकू खायच्या. पण कधी कधी ते डोळे उघडून म्हणत, "आहे गा थोडी." आणि त्यांचं तोंड इतकं उतरायचं, की बाईच त्यांची समजूत काढायची. "जाऊ द्या भाऊ, येवढ्यानं काय होते? आमी खातो ना!" सासूबाई तर एकदा चक्क खोटं बोलल्या. पापड आधी ओल्या कापडानं पुसून, मग तळून नेला. काकांनी चावला, ओळखलं आणि म्हणाले, "वहिनी, पापडाचं तोंड धुतलं काय?"

एकदा आम्ही सगळे नागपूरला एका लग्नाला गेलो होतो. हॉल असा गार की बायका शालूवरून शाली पांघरून बसलेल्या. बाहेर मे महिना आणि आत दात वाजताहेत! आमच्या टेबलावर एक सद्गृहस्थ आपल्या घरातल्या एसीचं वर्णन करत होते. किती खोल्यांत बसवले, रात्री कसं ब्लँकेट घ्यावं लागतं वगैरे. काका मन लावून ऐकत होते. त्यांचं झाल्यावर काका अगदी आदरानं म्हणाले, "छान आहे जी. एकदा या ना आमच्याकडं, बेलझरीले. तुमच्या गार हवेचा बाकीचा भाग तिथंच राहते, तो बी पाहून घ्या." गृहस्थांना वाटलं, जेवायला बोलावताहेत. "येऊ, येऊ," म्हणाले.

टीव्हीवर जगाच्या तापमानाची चर्चा चालली की आम्ही काकांना मुद्दाम छेडायचो. कोणता देश किती कोळसा जाळतो, कोणी कमी करायचा, कोणी आधी करायचा. काका ऐकून म्हणायचे, "हे तर आपल्या नळाच्या नालीसारखं झालं. घाण सगळ्याइची, अन् झाडू शेजाऱ्याच्या हातात." मग म्हणायचे, "देशाले वीज पाहिजे, हे खरं आहे. माह्या गावात लाइट आला तेव्हा माय रडली होती, मले आठवते. म्हणून तर मी इथं नोकरी केली. पण वीज द्याची तर राख सांभाळून द्याची ना बावा?"

स्वतः त्यांनी छतावर सौर पाट्या बसवल्या होत्या. त्यावरून घरात महिनाभर महाभारत झालं, कारण काकूंची वाळवणाची अर्धी जागा गेली. "सूर्य तुमचा एकट्याचा आहे काय? माह्या पापडाले नोको का तो?" काकूंचं म्हणणं काही चूक नव्हतं. शेवटी काकूंनी पापड आमच्या छतावर घालायला सुरुवात केली आणि काका रोज सकाळी ओल्या फडक्यानं पाट्यांवरची राख पुसत बसले. न पुसता ठेवल्या तर वीज कमी यायची. "पाहा," ते आम्हाला म्हणायचे, "आपली थर्मल सूर्याले बी सोडत नाही."

आता त्या उन्हाळ्याचं सांगते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

काकांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. थर्मलमधल्या त्या पेट्या आधीच म्हाताऱ्या झालेल्या. नीट दुरुस्ती करायची तर सगळं युनिट बंद ठेवावं लागतं, आणि ते बंद करायला परवानगी काही मिळेना. उन्हाळ्यात विचारलं तर म्हणत, आता मागणी आहे, पावसाळ्यात बघू. पावसाळ्यात म्हणत, पावसात राख उडतच नाही, घाई कशाला? मग दिवाळी यायची, मग परीक्षा, मग परत उन्हाळा. त्या वर्षी उन्हानं तर कहर केला. नागपुरात घराघरात कूलर, दुकानादुकानात एसी, आणि सगळ्यांना एकाच वेळी वीज हवी. युनिट एक दिवसही थांबेना. कप्पे एकामागून एक बसत चालले. सासूबाईंचा फोन सकाळीही वाजायचा, दुपारीही. वाळवण एकदा घालायचं, दोनदा उचलायचं. बायकांचे गुडघे गेले जिना चढून.

अशात एक पेपरवाला आमच्या गल्लीत आला. तरुण, भला माणूस, त्याला खरंच राखेबद्दल लिहायचं होतं. तो नेमका आमच्या ओट्यावर टेकला. सासूबाईंनी त्याला कैरीचं पन्हं दिलं आणि सगळं सांगितलं. राख, खोकला, तुळशीची पानं, कपडे, सगळं. आणि मग, अहो, कौतुकानं, ऊर भरून सांगितलं, "पण आमचं नशीब चांगलं आहे बावा. थर्मलमध्ये आमचे भाऊ आहेत ना, गजभिये भाऊ! कप्पा बंद पडला का आमाले अगोदरच फोन येते."

छापून आलं. नावानिशी आलं. थर्मलचे साहेब लोक बाहेर सांगत होते, सगळे कप्पे ठणठणीत आहेत, राख रस्त्यावरच्या ट्रकांची आहे. आणि इथे पेपरात सासूबाईंचा हसरा फोटो, खाली लिहिलेलं, की कप्पा बंद पडल्याचं आतूनच कळतं.

सासूबाईंनी पेपर सगळ्यांना दाखवला. दुपारपर्यंत त्या खुशीत होत्या. संध्याकाळी काकू आल्या, ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "याईची चौकशी लागली वं. आतली बातमी बाहेर दिली म्हणून. पेन्शन अडकवतीन म्हणते."

सासूबाई उठल्या. पेपर घडी करून गादीखाली घातला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माह्या जिभेले हाड नाही. कोणाचं भलं कराले गेली अन् त्याचाच गळा कापला." रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी काकांकडे गेल्या आणि दारातच रडायला लागल्या. काका घाबरले. "वहिनी, अहो, तुमी खरं तेच सांगितलं ना? मंग रडता काहून?"

"मी आता सांगतो पेपरवाल्याले, का खोटं बोलली म्हणून!"

"एकदा खरं बोल्लं का ते परत नाही घेता येत," काका म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

चौकशीचे साहेब यायला अजून अवकाश होता. या मधल्या दिवसांत काकांना जो तो सल्ला देत होता. म्हणून टाका, मी फोन केलाच नाही. बाई म्हातारी आहे, काहीही बोलली. विषय संपला. कुणाला काय सिद्ध करता येणार होतं? काका ऐकून घ्यायचे. काकूंनी मात्र एकदाही त्यांना काही सांगितलं नाही. मला म्हणाल्या, "झोपतच नाही जी ते. छताकडं पाहत राहते. मी काय सांगू? पेन्शनवरच घर चालणार आहे. अन् खोटं बोला असं बी माह्या तोंडून निघत नाही."

वैशाखी पौर्णिमेला आम्ही नेहमीप्रमाणे विहारात गेलो, खीर असते म्हणून पोरं आधीच पळाली होती. काका पुढे बसले होते, पांढऱ्या कपड्यांत. पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे काकांचा आवाज थांबला. लोकांचा चालू राहिला, पाचवं म्हणून संपवलंही लोकांनी. काका मान खाली घालून बसले होते. सासूबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला, की मला दुखलं. त्या दिवशी मला कळलं, काकांना खरंच ठाऊक नव्हतं आपण काय बोलणार ते. तोपर्यंत मला वाटत होतं, अशा माणसांना ठाऊकच असतं.

इकडे गल्लीतल्या बायकांनी त्यांना न विचारता आपलं ठरवून टाकलं. साहेब चौकशीला येतील तेव्हा सरसकट नाही म्हणायचं. फोन नाही, बिन नाही. काकांची पेन्शन वाचवायची, मग पाप लागलं तर वाटून घेऊ.

साहेब आले ते मुख्य कार्यालयातून. जाडसर, घामाघूम, पण बोलायला मऊ. त्यांना छत पाहायचं होतं. वर पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकली, चहा दिला. समोर उन्हात आमच्या आणि काकूंच्या वर्षाच्या कुरड्या आणि पापड पसरलेले. काकूही तिथेच भिंतीला टेकून उभ्या. गल्लीतल्या बाकीच्या बायका आपापल्या छतावर, कान आमच्याकडे लावून.

"तर मावशी, तुम्हाला थर्मलमधून फोन येतो?"

"फोन?" सासूबाईंनी असा चेहरा केला, की मीच थक्क झाले. "कोणता फोन? मले तर फोन लावता बी येत नाही बाप्पा."

"पेपरात तर तुमचं नाव आलंय."

"पेपरवाल्याईचं काय खरं असते साहेब? ते तर काहीही लिहिते."

आजूबाजूच्या छतांवरून माना हलल्या. साहेबांनी चहाचा घोट घेतला. आणि खिडकीत नाही, पाटावर नाही, थेट सासूबाईंच्या कमरेला खोचलेला मोबाईल वाजायला लागला.

कुणी हललं नाही. फोन वाजून वाजून थांबला. साहेब म्हणाले, "घ्या ना."

"असंन कोणाचा तरी. चुकून आला असंन."

परत वाजला. आता सगळ्यांना कळलं होतं. थर्मलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, साहेब या वेळी कुठे बसलेत ते. काकांना तर नक्कीच ठाऊक होतं. तरी फोन वाजत होता. वारा आमच्याच बाजूचा होता. मी चिमणीकडे पाहिलं, तिचा रंग बदललेला. सासूबाईंनीही पाहिला, काकूंनीही. आणि एकही बाई जागची हलली नाही. वाळवण उचललं असतं तर फोन कबूल केल्यासारखं झालं असतं ना! गल्लीतल्या सगळ्या बायका आपापल्या पापडांकडे बघत हात बांधून उभ्या राहिल्या. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्याही उभ्याच.

राख आली. आधी कुरड्यांवर, मग पापडांवर. मग साहेबांच्या बाहीवर, चहाच्या कपात. साहेबांनी कप खाली ठेवला आणि आत वाकून बघितलं.

"अहो मावशी, उचला ना ते! खराब होऊन राहिलं सगळं."

"काहून उचलू?" सासूबाई समोर बघत म्हणाल्या. "आमाले कोणी सांगितलंच नाही."

फोन तिसऱ्यांदा वाजला. साहेबांनी हात पुढे केला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली. हो म्हणून. सासूबाईंनी फोन दिला. साहेबांनी स्पीकरचं बटण दाबलं, आणि काकांचा तो खणखणीत आवाज, विहारात चौथ्या शीलाला थांबलेला, सगळ्या छताला ऐकू आला.

"वहिनी, फोन काहून उचलत नाही? राख येऊन राहिली! साहेब बसले असतीन तर बसू द्या. त्याईचं काम ते करतीन. तुमी आधी वाळवण उचला!"

"मीच बोलतोय, गजभिये," साहेब म्हणाले.

पलीकडून काका म्हणाले, "नमस्कार साहेब. गजभियेच बोलतो. आजवर मीच फोन करत होतो." आणि लगेच, "पण ते पापड उचलाले सांगा ना साहेब, मंग बोलू."

साहेबांनी फोन माझ्या हातात दिला. एवढा मोठा माणूस, खुर्चीतून उठला, वाकला आणि पापडांच्या साडीचं एक टोक त्यानं धरलं. "धरा, धरा मावशी, बघता काय!" मग मात्र गल्लीत जो गलका झाला, विचारू नका. सगळ्या छतांवर बायका धावल्या. साहेब जिन्यात अडकले, पापड त्यांच्या पोटाला लागून मोडले, काकू हसताहेत आणि रडताहेत, आणि सासूबाई साहेबांनाच ओरडताहेत, "तसं नाही गा, कोपरा धर कोपरा!"

त्यानंतर काकांना बोलावणं आलं. ते सकाळी गेले, आणि आमच्यापैकी कुणीच दिवसभर धड काम केलं नाही. दुपार कलल्यावर ते गल्लीच्या तोंडाशी दिसले. चालण्यावरून काही कळेना. आमच्या ओट्यावर आले, बसले आणि पाणी मागितलं. तांब्या एका दमात रिकामा केला.

"बोला ना जी!" काकू ओरडल्या.

"काही नाही झालं," काका म्हणाले. "साहेब म्हणे, कप्पा बंद पडला का तुमी आत कळवत होते ना? म्हटलं, हो, आधी आतच. म्हणे, मंग आतल्याईनं काही केलं नाही, ते त्याईचं पाप. तुमचं काहून?" त्यांना पुढचं सांगता येईना, हसू येत होतं. "अन् युनिट बंद करून राहिले. दुरुस्तीसाठी. परवापासून."

सासूबाई मट्कन खाली बसल्या. मला आठवतं, सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवल्यावर मानेला जे वाटतं ना, तसं वाटलं.

युनिट बंद झालं आणि वीजही जायला लागली. नागपुरात लोकांनी आरडाओरडा केला, आमच्याकडेही दुपारचे कूलर थांबायचे, पोरं घामोळ्यांनी लाल झाली. पण त्या दिवसांत बेलझरीत कुणी शिव्या दिल्या नाहीत. सुपानं वारा घालत ओट्यावर बसायचो आणि चिमणीकडे बघायचो. मागे निळं आभाळ, पुढे नुसती चिमणी.

काका निवृत्त झाले, पेन्शन सुरू झाली, आणि त्यांनी पारशिवनीकडे दिलेल्या मुलीच्या शेजारी घर घेतलं. जायच्या आदल्या दिवशी ते आमच्या छतावर आले. युनिट परत सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. त्या दिवशी वाराही आमच्याच बाजूचा होता. काकू आणि सासूबाई उशिराच्या मुंगवड्या घालत होत्या. काकांनी कठड्यावर तळवा टेकवला, हळूच फिरवला आणि उलटा करून बघितला. आम्ही सगळ्या त्यांच्याकडे बघत होतो. मनातून वाटत होतं, आज तरी या माणसानं नाही म्हणावं.

"आहे," ते म्हणाले. मग तळवा आमच्यापुढे धरला. "पण कमी आहे. खूप कमी आहे."

टाकीच्या सावलीत बाज टाकलेली होती. ते जरा टेकतो म्हणून तिच्यावर बसले, आडवे झाले आणि बोलता बोलता त्यांना झोप लागली. पांढरा शर्ट, एक हात बाजेखाली लोंबकळलेला, तोंड थोडं उघडं, बारीक घोरणं चालू. थर्मल समोरच चालू होतं. सासूबाई त्यांना उशी आणायला उठल्या, तर काकूंनी हातानंच थांबवलं. मुंगवड्या घालून झाल्या, उन्हं कलली, खाली चहा उकळून थंड झाला. आम्ही कुणीच त्यांना उठवलं नाही.